तुझ्या कार्डावरची रम

प्रिय भाऊ,

आज रविवार आहे. कोर्ट बंद, कचेरी बंद, झाडाखालची आमची अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं साखळीने एकमेकांना बांधून ठेवलेली. धुळ्यात, देवपुरात घरी बसून हे तुला हाताने लिहितो आहे. टाइपरायटर समोरच आहे, पण वीस वर्षं त्याच्यातून 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' असंच निघत आलंय, तुला तसं कसं लिहू? अक्षर वेडंवाकडं येतंय ते सांभाळून घे. हात थरथरतो. का थरथरतो ते तुला माहीत होतं, कालपासून वहिनीलाही माहीत झालंय.

लिहायचं कारण सांगतो. तू गेल्याला साडेपाच महिने झाले आणि पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या पेन्शनच्या अपिलाचं उत्तर आलं. तुझ्याच नावाने, रजिस्टर पोस्टाने! मेलेल्या माणसाला कळवतात की तुमचं म्हणणं फेटाळलं आहे. यकृताचा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही, आणि कागदपत्रांवरून मद्यपानाची सवय दिसून येते. इंग्रजीत आहे. मी चार वेळा मराठी करून बघितलं. कसंही केलं तरी ते तुला दारुडा म्हणतात.

तुला, भाऊ! फौजेत निघताना आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतलीस आणि थेंबाला शिवला नाहीस, त्या तुला.

आता दुसरं अपील राहिलं आहे, आणि ते शेवटचं. त्याची मुदत जवळ आली आहे. काल अक्षय्य तृतीयेला, आखाजीसाठी बोदवडकडे गावी गेलो होतो, तिथे वहिनीशी जे बोलणं झालं ते झालं नसतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं आणि ते अपीलही बहुतेक जाऊ दिलं असतं. हे तुझ्यापाशी लपवून काय उपयोग?

एकाहत्तरच्या लढाईतलं तुझं पत्र मला अजून पाठ आहे. तू ट्रक चालवत होतास, ट्रकवर गोळा पडला, मांडी फाटली, लष्करी दवाखान्यात पडून होतास. लिहिलं होतंस की अंगातलं रक्त बरंच गेलं आणि दुसऱ्या कोणाचं तरी चढवलं, तो कोण ते माहीत नाही, तर आईला सांग त्याच्याही नावाने देवापुढे दिवा लाव. ते वाचून दाखवायला घरात मीच होतो. आईने जिवंत असेपर्यंत तो दिवा लावला. नाव माहीत नाही म्हणून नुसतं 'त्या रक्तवाल्याचं भलं कर' म्हणायची.

त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक होतं, आपल्या रक्तात काय आहे ते? तेव्हा डॉक्टरलासुद्धा ठाऊक नव्हतं.

पुढे तू परत आलास, वरणगावला पहारेकरी लागलास. लंगडत सायकल मारायचास. आणि मग हळूहळू थकायला लागलास. डोळे पिवळे झाले की माळेचं औषध, पथ्याची भाकरी, उसाचा रस. बरं वाटलं की पुन्हा कामावर. दर दोन-तीन वर्षांनी हेच. आम्ही म्हणायचो, भाऊला कावीळ लागतेच! जशी कोणाला सर्दी लागते तशी. इतकी वर्षं आम्ही सगळे मिळून मूर्ख होतो, भाऊ, आणि त्यात शहाणा म्हणून मिरवणारा मी पहिला.

पोटात पाणी झालं तेव्हा कुठे तुला जळगावला नेलं. तो तरुण डॉक्टर आठवतो? तुझं रक्त त्याने मुंबईला तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर आपल्या दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. हिपॅटायटिस सी. काविळीचाच प्रकार, पण रक्तातून येतो, वीस-वीस वर्षं यकृतात दबा धरून बसतो. कधी रक्त चढवलं होतं का, विचारलं. तू लढाईचं सांगितलंस. तो म्हणाला, मग बहुतेक तिथूनच, तेव्हा याची तपासणीच निघाली नव्हती. सर्टिफिकेटवर तसं लिहूनही दिलं त्याने. बाहेर आल्यावर तू काय म्हणालास? म्हणालास, त्या माणसाला दोष देऊ नको, मी त्याच्यामुळेच पंचवीस वर्षं जगलो.

अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा कर असं तुझ्या मागे लागलो तो मीच. तू नको म्हणत होतास. जाऊ दे, सरकारच्या दारी किती चकरा मारायच्या? पण माझा तोरा! धुळ्याच्या कोर्टाबाहेर माझ्याकडे रांग लागते, वकील मला विचारून अर्ज करतात, आणि माझ्या सख्ख्या भावाचा दावा मी करू नये? मी तुला म्हटलंही होतं की कागद माझ्यावर सोड.

आता माझ्या दारूचं लिहितो. टाळत होतो, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी प्यायला कधी लागलो ते मलाही आठवत नाही. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करायची आणि संध्याकाळी पांझरेच्या काठाला जाऊन हातभट्टीची घ्यायची. एकदा असाच नदीच्या वाळूत पडलो, उलट्या आणि डोळ्यापुढे अंधार. त्याच भट्टीची पिऊन दोन जण आंधळे झाले होते त्या आठवड्यात. तुला कोणी कळवलं कोण जाणे. तू वरणगावहून आलास, दवाखान्यात माझ्या खाटेशी बसलास. मारशील असं वाटलं होतं. तू फक्त म्हणालास, "सुपडू, पेशीन त मी आनलेलीच पेशीन. त्या भट्टीले हात लावला त मले तोंड दावू नको."

आणि प्यायचीच तर मी तू आणलेलीच प्यावी म्हणून तेव्हापासून तू दर महिन्याला फौजेच्या कॅन्टीनमधून तुझ्या वाट्याची रम उचलायला लागलास. तोवर तुझं कॅन्टीनचं कार्ड कोरं होतं, पेटीत पडून होतं. कोर्टापाशी यायचास, माझ्या टेबलाखाली कापडी पिशवी ठेवायचास. वर भरिताची वांगी, खाली कागदात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. रोज झाकणाने मोजून घे, आणि पुढच्या महिन्यात एकच आणीन, असं दर वेळी बजावायचास. दर वेळी दोनच आणायचास. माझ्या बायकोला वाटायचं मी बाहेरून विकत आणतो. वहिनीला तर मी पितो हेच माहीत नव्हतं. तू मला वाचवलंस, भाऊ. त्यात शंका नाही. पण इतका जीव का लावलास? दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर कदाचित मी सुटलो असतो आणि तुझं कार्ड कोरं राहिलं असतं. हे बोलायची माझी लायकी नाही, तरी बोलतो.

मग मी तुझा दावा बांधायला बसलो. आमच्या धंद्यात एक समज आहे, अर्ज वजनावर पास होतो. जेवढी जोडपत्रं, तेवढा साहेब वचकतो. जमिनीच्या अर्जाला लोक शाळेचा दाखला जोडतात, रेशनकार्ड जोडतात, शिक्का दिसला की जोडतात. वीस वर्षं मी हेच शिकवत आलो. तुझी पेटी उघडली आणि जे जे शिक्क्याचं निघालं त्याच्या नकला काढल्या. डिस्चार्जचं पुस्तक, मेडलचा कागद, जळगावच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट. आणि कॅन्टीनचं कार्ड. आतल्या पानांसकट!

त्या पानांवर दर महिन्याची नोंद होती, रम, रम, रम, पुढे तारीख आणि गोल शिक्का. मला काय दिसलं माहीत आहे? मला शिक्के दिसले. वाटलं, किती भारी पुरावा, माणूस इतकी वर्षं माजी सैनिक म्हणून कॅन्टीनला जातोय! यकृताच्या आजाराच्या दाव्याला मी स्वतःच्या हाताने रमचा हिशेब टाचला. करायला गेलो गणपती आणि झालं माकड. वर 'जोडपत्र क्रमांक नऊ' म्हणून टाइपही केलं.

तुझ्या लढाईतल्या उपचारांचे कागद मागवले तेव्हा उत्तर आलं की इतके जुने कागद नियमाप्रमाणे नष्ट केले आहेत. तुला चढवलेल्या रक्ताचा कागद सरकारने फाडला आणि रमचा कागद मी जपून पोचवला. सांग, यात शत्रू कोण?

लष्करी डॉक्टरांच्या बोर्डापुढे तुला तपासणीला बोलावलं तो दिवस. तू सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून बसला होतास, पाय सुजलेले, बुटाच्या नाड्या सोडलेल्या. तरी त्या लष्करी दवाखान्याच्या फाटकात शिरताना तुझी पाठ ताठ झाली. बरोबरच्यांनी बाहेर बसा, असं शिपाई म्हणाला. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. दाराला नुसता पडदा होता, आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबाने विचारलं, "पीते हो?"

तू म्हणालास, "नहीं, साब."

मग पानं उलटल्याचा आवाज आला. "तो इस कार्ड की रम कौन पीता है?"

भाऊ, तू किती वेळ गप्प होतास? मला तर तो वेळ अजून संपलेला नाही. मी बाकावरून अर्धा उठलो होतो. पडदा दोन पावलांवर होता. आत जाऊन 'साहेब, मी पितो' म्हणायचं, एवढंच काम होतं. आणि मला माझ्या पोरीचा, सुमनचा साखरपुडा आठवला.

आठ दिवस आधीच झाला होता तो. मुलाकडचे माळकरी, कडक. घरात कोणी घेणारं नाही ना, म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि मी देवाची आण घेऊन नाही म्हटलं होतं. तू शेजारीच बसला होतास. तुला स्वतःचं मूल नाही, सुमनला तू अंगाखांद्यावर वाढवलेलं. अर्धा उठलेला मी पुन्हा बसलो. आतून तुझा आवाज आला.

"मेरी है, साब."

कार्डावरची रम दुसऱ्याला देणं नियमाविरुद्ध आहे हे खरं. पण तू नियमाला घाबरून ते बोलला नाहीस. माझं नाव निघू नये म्हणून बोललास. आधी नाही म्हणायचं आणि मग माझी आहे म्हणायचं, म्हणजे पक्का खोटारडा! त्यांनीही तसंच लिहिलं. बाहेर आलास तेव्हा मी तुझ्याकडे बघू शकलो नाही. तू म्हणालास, चल, चहा घेऊ. ते कार्ड कोणी जोडलं, एवढंसुद्धा विचारलं नाहीस. का नाही विचारलंस? विचारलं असतंस तर मी तिथेच पाय धरले असते, असं मी स्वतःला सांगत आलोय. धरले असते की नाही, देव जाणे.

आणि सुमनचं लग्न! तू आलास. पोट फुगलेलं, कोट पुढे बसत नव्हता, तरी फेटा बांधून मांडवात उभा. तिच्या चुलत सासऱ्याने मला बाजूला घेतलं, तुझ्याकडे बघत म्हणाला, तुमचे भाऊ फौजी ना, म्हणजे घेत असणारच, तब्येतीवरून कळतं. आणि मी हसलो. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही, नुसता हसलो. तू चार पावलांवर होतास. तू ऐकलंस का रे? तुझा चेहरा मी नंतर किती वेळा आठवून बघितला, त्यात काही सापडत नाही.

मी आयुष्यात बरीच पापं केली असतील. त्या हसण्याएवढं मोठं एकही नाही.

दिवाळीनंतर तुला रक्ताची उलटी झाली. जळगावला हलवलं, मी धुळ्याहून आलो तेव्हा तू शुद्धीवर होतास, ओठ कोरडे, डोळे हळदीसारखे. पहिला निकाल तोवर आला होता, पहिलं अपील मी करून टाकलं होतं, अर्थातच त्या कार्डाबद्दल एक अक्षर न लिहिता. तू पेन्शनचं विचारलं नाहीस. वहिनी पाणी आणायला गेल्यावर म्हणालास, "सुपडू, तेवढी दारूची ओय खोडून घेजो. बाकी काही नको मले."

ती ओळ खोडून घेईन, म्हणून मी मान हलवली. तू त्या संध्याकाळीच गेलास.

त्यानंतर मी घेतलेली नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, आता आणून देणारं कोणी नाही आणि भट्टीकडे जायला तू बंदी घातलेली. टाइप करताना अक्षरं चुकतात, गिऱ्हाइकं दुसऱ्या टेबलावर जातात. जाऊ देत.

नवं उत्तर आल्यावर आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवलं. त्याने एकच सांगितलं, ही रम गेली कुठे ते दाखवा, नाहीतर अपील विसरा. मी म्हटलं, पिणाऱ्यानेच प्रतिज्ञापत्र केलं तर? तो म्हणाला, करून बघा, पण भाऊने नियम मोडला हे त्यात कबूल होईल, शिवाय नातेवाइकाचं कोण खरं मानतं? शेजारच्या टेबलावरचा आप्पा कान देऊन होता. वकील गेल्यावर तो म्हणाला, "फौजी शे नि पेत नही, हाई कोनले खरं वाटी?" वीस वर्षं लोकांना खरं वाटेल असं लिहून देण्याचा माझा धंदा, आणि भावाचं खरं कोणाला खरं वाटेना.

असा मी काल गावी गेलो. तुझी पहिली आखाजी. वहिनीने तुझ्या नावाची घागर भरली होती, वर डांगर ठेवलं होतं, रस केला होता, सांजोऱ्या केल्या होत्या. गल्लीत सासरहून आलेल्या पोरी झोक्यावर गात होत्या. तुझ्या नावाने चुलीत घास टाकायला वहिनीने मला बोलावलं, कारण तुला दुसरं कोण आहे? मी घास हातात घेतला आणि मला तो टाकता येईना. वहिनी म्हणाली, टाका ना, भाऊजी, ते वाट पाहत असतील.

मी तिथेच, चुलीपुढे, सगळं सांगितलं. भट्टी, पिशवी, वांगी, कार्ड, पडदा, साखरपुडा. लग्नातलं हसणंसुद्धा सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. काही नाही. चुलीतलं लाकूड आत सारलं. कोर्टात कितीतरी साक्षी ऐकल्या मी, पण असा प्रश्न कोणी विचारलेला ऐकला नाही.

"भाऊजी, मंग तुमी त्या दिवशी आत काबरं नाही गेले?"

मी सुमनचं कारण सांगायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं. म्हणाली, "सुमनचं मले नका सांगू. दोनच पावलं व्हती ना?"

दोनच होती, भाऊ.

मग तिने माझ्या हातातला घास घेतला आणि स्वतः चुलीत टाकला. मला वाढलं, मी जेवलो. निघताना तुझं ते लढाईतलं पत्र, तिने इतकी वर्षं जपलेलं, माझ्या हातात दिलं. सही कुठे करायची ते सांगा, एवढं म्हणाली.

म्हणजे तिने मला माफ केलं असं नाही. तसं काही माझ्या मनातही नाही. तिला तुझ्या नावावरची ती ओळ खोडून हवी आहे आणि त्यासाठी तिला माझ्याशिवाय कोणी नाही, इतकंच. मला मात्र भीती वाटते. ही शेवटची संधी आहे आणि ती माझ्या हातात आहे, ज्या हातांनी आधी सगळं घालवलं. फेटाळलं तर? मग तुला कायमचं तेच म्हणतील, आणि कागद आपल्या सगळ्यांच्या मागे राहतो.

सुमनच्या सासरी मी आज सकाळीच जाऊन आलो. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. तिच्या सासऱ्यांनी ऐकून घेतलं, चहा पुढे आला नाही. सुमन दारापर्यंत आली. काका पीत नव्हते ना, एवढंच तिने विचारलं. नाही म्हटल्यावर आत गेली. तिचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तिच्यासाठी तू जे झाकलंस ते मी उघडं केलं, याचा तुला राग येईल. येऊ दे. पण तिच्या नावाने मी स्वतःलाच झाकत होतो, हे तुलाही कळत होतं ना?

आता वचन देतो. तू माझी वचनं पाहिली आहेस, म्हणून लांबलचक देत नाही. उद्या कोर्ट उघडलं की स्टॅम्पपेपर घेईन, माझ्या नावाने. जास्तीची जोडपत्रं लावणार नाही. जळगावच्या डॉक्टरचा कागद, तुझं लढाईतलं पत्र आणि माझं प्रतिज्ञापत्र, बस्स. त्यात लिहीन की काशिनाथच्या कार्डावरची सगळी रम त्याचा धाकटा भाऊ सुपडू प्यायला, आणि बोर्डापुढे तो बोलला ते मला वाचवायला. मॅजिस्ट्रेटपुढे शपथ घेताना पुटपुटणार नाही. आप्पाला, वकिलांना, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं बोलेन. कागद पोस्टाने सोडून घरी बसणारही नाही. वहिनीला घेऊन जिथे सुनावणी असेल तिथे जाईन. बरोबरच्यांनी बाहेर बसा, असं शिपाई म्हणेलच.

मी बसणार नाही, भाऊ. मी आत जाईन.

तुझा,
सुपडू